रेव्हरंड टिळकांनी येशूची गाणी ओवी-अभंगात आणली आणि आजी-नातू सोबत गायला लागले

चर्चमधलं गाणं म्हटलं की ऑर्गन आणि इंग्रजी चाली आठवतात. पण अहमदनगरच्या चर्चमध्ये येशूचे अभंग घुमले, त्यामागे एक चित्पावन ब्राह्मण होता. नारायण वामन टिळक.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई (‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या, त्याच) काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या.

टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत. तेव्हा चर्चमधली बरीच गाणी भाषांतरित होती. चाल परकी, शब्द मराठी, मग जोर भलत्याच अक्षरावर पडायचा. त्यात अनेकांना वाचता येत नव्हतं. पुस्तक बघून गाणार कोण?

कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन आधीच सुरू केलं होतं. टिळकांनी ती वाट रुंद केली. भजनात एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. पुस्तक नको, वयाची अट नको. ओवी तर आजीला जात्यावरूनच ठाऊक आणि नातवाची ती ऐकून पाठ! टिळक मुळात फुलामुलांचे कवी. सोपं लिहिणं त्यांच्या हातातच होतं, आणि सोपं लिहिणं किती अवघड असतं ते लिहिणाऱ्यालाच विचारा.

९ मे १९१९ रोजी ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अर्धंच राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली टिळकांची गाणी मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात.