जे. बी. एस. हाल्डेन : शिकणं न थांबवलेला शास्त्रज्ञ



आजच्या लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करते. सुट्टीत मालवणला मामाकडे जाऊन आलेल्या पाचवीतल्या एका मुलाने मला विचारलं की, स्कुबा डायव्हिंग करणारे लोक वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं का थांबतात? दमतात म्हणून, असं सांगून मी मोकळी झाले. घरी येऊन वाचलं तर उत्तर साफ चुकलं होतं. ते शोधतानाच मला हाल्डेन भेटले.

बालपण

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1892 रोजी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनाचे मोठे अभ्यासक. खाणीतली विषारी हवा ते स्वतः हुंगून तपासायचे आणि लेकालाही सोबत न्यायचे. एकदा खाणीत त्यांनी मुलाला उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत मात्र त्याला नीट श्वास घेता आला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि छताजवळ साठतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही. (आपण वर्गात असा प्रयोग अजिबात करायचा नाही बरं का!)

पाण्याखालचा धडा

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. त्या दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात जास्त विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरात होतात. त्याने सांधे दुखतात, लकवा होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. वडील हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून किती खोलीवरून, कुठे आणि किती वेळ थांबत वर यावं, याची कोष्टकं तयार केली. ती 1908 साली प्रसिद्ध झाली. त्याआधी 1906 मध्ये, तेराव्या वर्षी, जॅकनेही (घरी त्याला जॅक म्हणत) स्कॉटलंडच्या समुद्रात बुडी मारली होती. पोशाख मापाचा नव्हता, आत पाणी शिरलं, तरी पोरगा डगमगला नाही.

मोठेपणीचं काम

गंमत म्हणजे या माणसाकडे विज्ञानाची पदवीच नव्हती! ऑक्सफर्डला ते गणित आणि ग्रीक-लॅटिन साहित्य शिकले. तरीही पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि आनुवंशिकीत जगभर नाव मिळवलं. मुलांसाठी 1937 साली ‘माय फ्रेंड मिस्टर लीकी’ हे गोष्टींचं पुस्तकही लिहिलं.

जून 1939 मध्ये ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडून 99 जण गेले. तेव्हा हाल्डेन सेहेचाळीस वर्षांचे होते. बंद पोलादी टाकीत दाब वाढवून त्यांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग सुरू केले. जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनसुद्धा घातक ठरतो, झटके येतात, हे त्यांनी स्वतः सोसलं. अशाच एका झटक्यात मणक्याला इजा झाली आणि पाठीचं दुखणं कायमचं मागे लागलं.

1957 मध्ये ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह भारतात आले. आधी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, मग भुवनेश्वरला त्यांनी काम केलं. भारताचं नागरिकत्वही घेतलं. 1 डिसेंबर 1964 रोजी भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेनुसार देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

आपण काय घ्यायचं?

स्कुबाचं पहिलं प्रमाणपत्र साधारण 18 मीटरपर्यंतचं असतं. आणखी खोल जायचं तर पुढचा कोर्स, दुसऱ्याला वाचवायचं तर बचावाचा कोर्स आणि ऑक्सिजन वाढवलेली हवा वापरायची तर नायट्रॉक्सचा कोर्स. हाल्डेन यांनी अंगावर सोसलेला ऑक्सिजनचा धोका या नायट्रॉक्सच्या कोर्समध्ये शिकवला जातो. कार्ड मिळालं म्हणजे समुद्र कळला, असं तिथे कुणी मानत नाही.

माझं डी.एड. होऊन बरीच वर्षं झाली. प्रशिक्षणाचं पत्र आलं की आपण आधी रजा शिल्लक आहे का ते बघतो, खरं ना? मीही बघते. पण माझ्या अर्धवट उत्तराने एक मूल चुकीचं शिकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली, सोड्याची बाटली उघडून दाखवली आणि बुडबुडे समजावले. तो मुलगा खूश झाला आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला, की मग मासे वर येताना का थांबत नाहीत?

मी त्याला सांगितलं, वाचून उद्या सांगते. पालकहो, तुमच्या मुलाने असं काही विचारलं तर तुम्हीही खुशाल असंच सांगा. फक्त दुसऱ्या दिवशी विसरू नका.