वानलेसवाडीचा डॉक्टर

गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे भाचीला घेऊन मी सांगलीहून मिरजेला जात होतो. वय ३१, डाव्या स्तनाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली होती, आता 'लाइट' चालू होते. वाटेत वानलेसवाडी लागते. लहानपणी मला ते कुणा पाटलाचं नाव वाटे!

विल्यम वॉन्लेस १८६५ साली कॅनडात जन्मले. अमेरिकेत डॉक्टरी शिकून १८८९ मध्ये मिशनतर्फे ते इकडे आले. आधी सांगली, मग मिरज. १८९४ मध्ये मिरजेचं इस्पितळ सुरू झालं आणि मोतीबिंदू काढून घ्यायला लांबलांबून माणसं येऊ लागली. मिशनचं काम म्हटल्यावर धर्मप्रचार होताच; पण आमच्या भागानं लक्षात ठेवला तो त्यांचा शस्त्रक्रियेचा हात.

क्षयाला मात्र तेव्हा औषधच नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न, एवढाच काय तो इलाज. त्यासाठी त्यांनी दोन गावांच्या मध्ये आरोग्यधाम काढलं, तीच ही वाडी. १९२८ मध्ये 'सर' झालेले वॉन्लेस १९३३ मध्ये वारले. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते त्यांच्यामागं दहा वर्षांनी.

त्या काळी जगभरच्या आरोग्यधामांत आणखी एक उपाय होता. छातीत हवा भरून आजारी फुप्फुस मिटवायचं आणि दर खेपेला क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहायचं. कित्येकींची छाती अशी शंभराहून अधिक वेळा पाहिली गेली. पुढं, १९६५ मध्ये, वॉन्लेस यांच्याच मायदेशात, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, या बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त असल्याचं इयान मॅकेन्झी या डॉक्टरांनी दाखवलं. तिथं बायकांना किरणनळीकडे तोंड करून उभं करत. पाठ केली असती तर स्तनांना कितीतरी कमी किरण लागले असते. शिवाय मुलगी जितकी लहान, तितका धोका मोठा, हेही नंतर कळलं. क्षय बरा झाला, आणि असं!

म्हणून भाचीच्या डॉक्टरांनी आराखडा आखताना दुसऱ्या, निरोगी स्तनाचा आणि हृदयाचा आधी हिशेब केला. तिला श्वास रोखायला शिकवलं. छाती भरून हवा घेतली की फुप्फुस फुगतं, हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं. तेवढ्यातच किरण सोडायचे. श्वास सुटला की यंत्र थांबवायचं.

पहिल्या दिवशी तिला दहा सेकंदही जमेना. रडकुंडीला आली. मग एसटीतच सराव सुरू झाला. मी घड्याळ धरून बसे, ती खिडकीबाहेर बघत श्वास धरी. दुसऱ्या आठवड्यात वानलेसवाडीच्या थांब्यावर पंचवीस झाले, तेव्हा कंडक्टरनं आम्हा दोघांकडे विचित्र नजरेनं पाहिलं.