डब्ल्यू. जी. ग्रेस : उन्हाळ्याचा कारभारी

इंग्लंडमधील क्रिकेटचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरात संपतो. पण तो ठरतो मात्र हिवाळ्यात. मैदानांवर धुके आणि दहिवर साचलेले असते, त्या दिवसांत क्लबांचे चिटणीस एकमेकांना पत्रे धाडत असतात. कोणत्या शनिवारी कोणाशी खेळायचे, मैदान कोणाचे, आगगाडी किती वाजता सुटते, पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था कोण पाहणार, या साऱ्याचा निकाल लागला की छोटेसे छापील कार्ड सभासदांच्या हाती पडते आणि त्यावर पुढचे पाच महिने सुखाने निभावतात. एकोणिसाव्या शतकात दक्षिण इंग्लंडमधील हौशी क्लबांपुढे लीगही नव्हती आणि गुणतक्ताही नव्हता. एका क्लबाने दुसऱ्याला दिलेला शब्द, एवढ्यावर सारा उन्हाळा उभा राहत असे.

डब्ल्यू. जी. ग्रेसचे आयुष्य या कार्डावरच घडले. त्याची भरघोस दाढी, त्याच्या धावांचे डोंगर आणि पंचांशी घातलेले वाद यांच्या कहाण्या सर्वांना ठाऊक असतात. क्रिकेटचा हा पितामह वयाच्या नवव्या वर्षापासून सहासष्टाव्या वर्षापर्यंत कोणत्या ना कोणत्या गावच्या क्लबासाठी खेळत राहिला आणि त्याच्या हयातीतला बराचसा काळ सामने ठरवण्यात, मोडण्यात व पुन्हा जुळवण्यात गेला, ही बाजू मात्र आकडेवारीखाली झाकली गेली आहे.

हा वारसा वडिलांचा. डॉ. हेन्री मिल्स ग्रेस हे ब्रिस्टलजवळच्या डाउनएंड गावातले डॉक्टर. पंचक्रोशीतील रुग्ण पाहता पाहता त्यांनी १८४० च्या दशकात मँगोट्सफील्ड येथे क्रिकेट क्लब काढला. गावच्या गायरानाचा तुकडा सपाट करून तेथे खेळ सुरू झाला आणि शेजारच्या क्लबाला सामील करून घेऊन त्यातून वेस्ट ग्लॉस्टरशायर क्लब उभा राहिला. १८ जुलै १८४८ रोजी जन्मलेला विल्यम गिल्बर्ट हा त्यांच्या नऊ अपत्यांतला आठवा. घरामागच्या फळबागेतली काही झाडे तोडून वडिलांनी तेथे खेळपट्टी तयार केली होती. मामा आल्फ्रेड पोकॉक मुलांना बॅट सरळ धरायला शिकवीत आणि बागेबाहेर गेलेले चेंडू घरची कुत्री आणून देत. आई मार्था यांनाही खेळाची उत्तम जाण होती.

१८५४ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी एक मोठेच धाडस केले. विल्यम क्लार्क या नॉटिंगहॅमच्या गोलंदाजाने १८४६ मध्ये व्यावसायिक खेळाडूंचा ‘ऑल इंग्लंड इलेव्हन’ हा फिरता संघ काढला होता. नव्याने पसरत चाललेल्या आगगाडीच्या जाळ्यावरून हा संघ गावोगाव जाई आणि स्थानिक क्लबांच्या बावीस-बावीस खेळाडूंशी सामने खेळे. तो संघ डॉ. ग्रेस यांनी ब्रिस्टलला बोलावला. ‘फुल मून’ नावाच्या खानावळीमागचे शेत माळ्याकरवी खेळण्याजोगे करून घेतले. सहा वर्षांचा विल्यम आईच्या घोडागाडीजवळून उंच टोप्या घातलेल्या त्या खेळाडूंना न्याहाळत होता. यजमान हरले, पण पुढच्या वर्षी पाहुणे पुन्हा आले. क्रिकेटमध्ये निमंत्रण देता येते आणि चांगले निमंत्रण दिले तर मोठी माणसेही गावात येतात, हे त्या मुलाने तिथेच पाहिले.

नववा वाढदिवस उलटताच तो वेस्ट ग्लॉस्टरशायरकडून मैदानात उतरला आणि ३ धावांवर नाबाद राहिला. बाराव्या वाढदिवसाच्या सुमारास क्लिफ्टन क्लबाविरुद्ध त्याने ५१ धावा केल्या होत्या. १८६४ मध्ये साउथ वेल्स क्लबासोबत तो ससेक्समध्ये गेला, तेव्हा कर्णधाराला दुसऱ्या कोणाला तरी खेळवायचे होते. थोरला भाऊ हेन्री अडून बसला आणि सोळावे सरण्याआधीच त्या पोराने १७० आणि नाबाद ५६ धावा काढल्या. दोन वर्षांनी ओव्हलवर सरेविरुद्ध नाबाद २२४. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण चालू असताना कर्णधाराने त्याला क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर अडथळ्यांची शर्यत धावायला सोडले आणि तीही तो जिंकून आला! पुढे १८७१ च्या एकाच हंगामात २,७३९ धावा, दहा शतके आणि ७८.२५ ची सरासरी. तेव्हाच्या ओबडधोबड, उसळत्या खेळपट्ट्यांवरचे हे आकडे आहेत.

पण याच काळात ‘हौशी’ या शब्दाची कसोटी लागली. इंग्रजी क्रिकेटमध्ये खेळाडूंच्या दोन जाती होत्या. जंटलमन म्हणजे हौशी, प्लेअर म्हणजे पगारी. दोघांची पॅव्हेलियनची दारे वेगळी, नावे छापण्याची रीत वेगळी. ग्रेस डॉक्टरचा मुलगा म्हणून जंटलमन ठरला. पण तो काही जमीनदार नव्हता आणि वडील १८७१ अखेरीस वारले होते. म्हणून त्याने ‘खर्चा’च्या नावाखाली पैसे घेण्यास सुरुवात केली. ‘युनायटेड साउथ ऑफ इंग्लंड इलेव्हन’ या फिरत्या संघाचा कारभार त्याच्याकडे आला. १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्याला खर्चाखेरीज १,५०० पौंड मिळाले. नवविवाहित पत्नी ॲग्नेसही सोबत होती. त्याच जहाजातून गेलेल्या व्यावसायिकांच्या वाट्याला प्रत्येकी १७० पौंड आले. नावाने हौशी असलेला माणूस पोटासाठी खेळणाऱ्यांच्या कितीतरी पट कमावत होता आणि ते सर्वांना ठाऊक होते. १८७८ मध्ये एमसीसीने कोणाही जंटलमनने खेळातून नफा कमावू नये असा ठराव केला. ग्रेससाठी मात्र त्या ठरावाची धार कधी लागली नाही. प्रवेशद्वारावर त्याच्या नावाची पाटी लागली की गर्दी वाढे आणि गर्दी वाढली की क्लबांची तिजोरी भरे. तत्त्वाचा प्रश्न अशा वेळी मागे पडतो.

फिरत्या संघाच्या सामन्यांत मौजही कमी नव्हती. १८७६ च्या जुलैमध्ये ग्रिम्सबीच्या बावीस क्षेत्ररक्षकांपुढे त्याने नाबाद ४०० धावा केल्या. खऱ्या धावा ३९९ होत्या आणि गुणलेखकाने एक धाव पदरची घातली, अशी आख्यायिका आहे. पुढच्याच महिन्यात आठ दिवसांच्या आत ३४४, १७७ आणि नाबाद ३१८ अशा तीन खेळी झाल्या. त्यांना मात्र आख्यायिकेचा टेकू लागत नाही.

कार्यक्रमपत्रिकेवरच्या नावांची त्याला किती ओढ होती, हे २० जून १८७८ रोजी लंडनने पाहिले. बिली मिडविंटर हा ग्लॉस्टरशायरमध्ये जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात वाढलेला व्यावसायिक त्या वर्षी पाहुण्या ऑस्ट्रेलियन संघातून खेळत होता. त्याने आपल्या काउंटीला शब्द दिला आहे, असा ग्रेसचा दावा. ओव्हलवर ग्लॉस्टरशायरला एक खेळाडू कमी पडताच ग्रेस थेट लॉर्ड्सवर पोचला, फलंदाजीच्या तयारीत असलेल्या मिडविंटरला त्याने घोडागाडीत बसवले आणि सारे लंडन ओलांडून ओव्हलवर आणले. ऑस्ट्रेलियन मागोमाग आले आणि फाटकावर शब्दाला शब्द लागला. पुढे ग्रेसने लेखी दिलगिरी व्यक्त केली, पण मिडविंटर ग्लॉस्टरशायरकडूनच खेळला.

या धबडग्यात डॉक्टरी पूर्ण व्हायला अकरा वर्षे लागली. १८७९ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो पदवीधर झाला आणि ब्रिस्टलच्या कष्टकरी वस्तीत त्याने दवाखाना थाटला. हिवाळाभर तो बाळंतपणे करी, गोरगरिबांना औषधे देई. उन्हाळ्यात रुग्णांसाठी बदली डॉक्टर येई आणि त्याचा खर्च काउंटी क्लब सोशी. रुग्णांना हे कितपत रुचत असेल, हा प्रश्न पडतोच. मात्र १८८७ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर आर्थर क्रूम हा सहकारी सीमेवरील कुंपणाच्या खिळ्यावर पडून गळ्याला जखमी झाला, तेव्हा टाके घालण्याचे साहित्य येईपर्यंत जवळजवळ अर्धा तास ती जखम बोटांनी दाबून धरणारा डॉक्टरही ग्रेसच होता.

या प्रवासांनी घरच्यांचे बळीही घेतले. सप्टेंबर १८८० मध्ये ओव्हलवर इंग्लंडच्या भूमीवरील पहिली कसोटी झाली. ग्रेसने १५२ धावा केल्या आणि ई. एम., डब्ल्यू. जी. व फ्रेड हे तिघे भाऊ एकाच संघातून खेळले. पंधरवडाभरातच पुढच्या सामन्याच्या वाटेवर असलेला एकोणतीस वर्षांचा फ्रेड बेसिंगस्टोकच्या एका खाणावळीत फुप्फुसदाहाने मरण पावला. १८८४ मध्ये मँचेस्टरला लँकेशायरविरुद्ध सामना चालू असताना आई गेल्याची तार आली. प्रतिस्पर्धी कर्णधार हॉर्नबी याने सामना तिथेच थांबवला.

मुंबईशीही त्याचा एक धागा जुळला. १८८६ मध्ये पारशी क्रिकेटपटूंचा पहिला संघ स्वखर्चाने इंग्लंडला गेला, तेव्हा लॉर्ड्सवर एमसीसीकडून ग्रेस त्यांच्याविरुद्ध उतरला आणि फलंदाजी व गोलंदाजी या दोन्ही आघाड्यांवर त्याने पाहुण्यांना हतबल केले. पराभव दारुण होता, पण हिंदुस्थानातल्या एका हौशी संघाचे नाव लॉर्ड्सच्या पत्रिकेवर लागले. दहा वर्षांनी रणजितसिंहजी कसोटीत पहिल्यांदा खेळले, तेव्हा इंग्लंडचा कर्णधार ग्रेसच होता.

१८९५ चा मे महिना हा त्याच्या उत्तरायुष्याचा कळस. सत्तेचाळिशीला टेकलेल्या, देहाने अवाढव्य झालेल्या या माणसाने बावीस दिवसांत हजार धावा ओलांडल्या आणि शंभरावे शतकही गाठले. वाचकांकडून शिलिंग-शिलिंग गोळा झालेल्या निधीसह त्या वर्षी त्याला नऊ हजार पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. तो अजूनही हौशीच होता!

१८९९ मध्ये ग्लॉस्टरशायरशी त्याचे बिनसले. ज्या क्लबाच्या स्थापनेत वडिलांचा हात, ज्याचे चिटणीसपद भाऊ ई. एम. याच्याकडे, त्या क्लबाशी! क्रिस्टल पॅलेस कंपनीने लंडन काउंटी नावाचा नवा क्लब काढून वर्षाला ६०० पौंडांवर त्याला चिटणीस आणि व्यवस्थापक नेमले होते. यंदा नेमक्या कोणत्या सामन्यांसाठी आपण येणार, अशी विचारणा ग्लॉस्टरशायरच्या समितीने केली. प्रश्न कोणत्याही चिटणिसाने विचारावा असाच होता. ग्रेसने तो अपमान मानला आणि जळजळीत शब्दांत राजीनामा दिला. इतर संघांच्या हंगामावर इतकी वर्षे आपली मर्जी चालवणाऱ्याला स्वतःच्या तारखांचा हिशेब देणे जड गेले, असेच म्हणावे लागते. त्याच वर्षी त्याची तरुण मुलगी बेसी विषमज्वराने गेली होती, हेही ध्यानात ठेवायला हवे.

लंडन काउंटी हा संपूर्णपणे त्याचा संसार. सरे, डर्बीशायर, वॉरविकशायर, एमसीसी यांच्याशी सामने ठरवायचे, मित्रांना जमवायचे, ठरलेला गडी ऐनवेळी आला नाही तर दुसरा शोधायचा. १९०० मध्ये एमसीसीकडून आलेल्या आर्थर कॉनन डॉइल यांनी, म्हणजे शेरलॉक होम्सच्या जनकाने, इथेच ग्रेसला बाद केले. प्रथम श्रेणीतला डॉइल यांचा तो एकमेव बळी. १९०४ मध्ये एमसीसीविरुद्धच्या १६६ धावा हे ग्रेसचे प्रथम श्रेणीतील अखेरचे शतक ठरले. पण काउंटी अजिंक्यपदात या सामन्यांना स्थान नव्हते. प्रेक्षक रोडावले, १९०४ नंतर प्रथम श्रेणीचा दर्जा उरला नाही आणि १९०८ मध्ये क्लब बंद पडला. मध्यंतरी १९०५ मध्ये थोरला मुलगा, धाकटा डब्ल्यू. जी., आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर वारला. १९०८ च्या एप्रिलमध्ये ओव्हलवर ग्रेस शेवटचा प्रथम श्रेणी सामना खेळला. तेव्हा तो साठीच्या उंबरठ्यावर होता.

त्यानंतर तो मॉटिंगहॅमला राहायला गेला आणि शेजारच्या एल्थम क्लबाच्या कार्डावर त्याचे नाव दिसू लागले. पुन्हा शनिवारचे सामने, पुन्हा कारकून, दुकानदार, शिक्षक असे प्रतिस्पर्धी. या सामन्यांना विक्रमांच्या वहीत जागा नाही. २५ जुलै १९१४ रोजी ग्रोव्ह पार्क क्लबाविरुद्ध सहासष्ट वर्षांच्या ग्रेसने नाबाद ६९ धावा काढल्या. पुन्हा त्याला फलंदाजीची संधी आली नाही.

दहा दिवसांनी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. काउंटी सामने तरीही काही आठवडे चालूच होते. २७ ऑगस्टला ‘स्पोर्ट्समन’ या पत्रात ग्रेसचे पत्र छापून आले. काउंटी हंगाम आता बंद करावा आणि धडधाकट खेळाडूंनी सैन्याकडे वळावे, असे त्याने सुचवले होते. उरलेले सामने एकेक करून रद्द झाले. पुढची चार वर्षे काउंटी अजिंक्यपदाची पत्रिका छापलीच गेली नाही.

युद्धाच्या बातम्या आणि लंडनवर येऊ लागलेली जर्मन झेपेलिन यांनी तो खचला होता. ऑक्टोबर १९१५ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि २३ तारखेला मॉटिंगहॅमच्या घरी त्याचा अंत झाला. एल्मर्स एंडच्या दफनभूमीत बेसी आणि धाकटा डब्ल्यू. जी. यांच्यासोबत त्याला मूठमाती देण्यात आली.