३.२ स्वामी रामानंद तीर्थ आणि मराठवाड्याचे मागासलेपण

काही प्रदेश समृद्ध होतात आणि काही दरिद्री का राहतात, असे विचारल्यास जमीन आणि पाणी हे उत्तर प्रथम सुचते. नांदेड-लातूर परिसरात गोदावरी-मांजरेची खोरी आहेत, कापसाला अनुकूल काळी जमीन आहे; तरीही हा प्रदेश मागे राहिला. त्याची कारणे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या चरित्रातून स्पष्ट होतात.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी सिंदगी (जि. विजापूर) येथे झाला. सोलापूर व पुणे येथे शिक्षण घेऊन त्यांनी कामगारनेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केले. पुढे ते निजाम राज्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले आणि संन्यास घेऊनही अध्यापन करीत राहिले.

सोलापूरपासून हिप्परगा फार दूर नाही; मातीही वेगळी नाही. वेगळी होती ती राज्यव्यवस्था. ब्रिटिश अमलातही शोषण होतेच. पण तेथे मराठी शाळा, वृत्तपत्रे व नगरपालिका रुजल्या होत्या. निजाम राज्यात सुमारे ४० टक्के भूभाग जहागिरी व सर्फेखास यांत अडकला होता. उच्च शिक्षण व राज्यकारभार उर्दूत चाले. सभेसाठीही परवानगी लागे. जमिनीची शाश्वती नसलेला कुळवाडी विहीर कशाच्या भरवशावर खणणार?

म्हणूनच स्वामीजींचे कार्य शाळेपुरते राहिले नाही. १९३८ मध्ये त्यांनी स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगवास पत्करला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा झाला. त्याच वर्षी स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

तथापि, मागासलेपण सरले नाही. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजींचे निधन झाले. त्याच वर्षीच्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने विकासाचा अनुशेष आकड्यांत मांडला. यावरून लक्षात घ्या : अन्यायी व्यवस्था कायद्याने एका दिवसात मोडता येते, तिने न बांधलेले कालवे, रस्ते आणि शाळा उभारण्यास पिढ्या लागतात. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे, ते या अपूर्ण कामाचेही स्मरण होय.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : आपल्या गावातील सर्वांत जुनी शाळा किंवा सिंचनाची सोय कोणत्या वर्षी झाली? त्यापूर्वी ती का झाली नसावी, याची दोन कारणे लिहा.