संत योहानाची उडी



२४ जून हा संत योहान बाप्तिस्ताचा जन्मदिन. पवित्र मरिया भेटीस आली, तेव्हा एलिझाबेथच्या उदरात या बाळाने आनंदाने उडी मारली. त्याची आठवण म्हणून गोव्यात सांजांवला फुलापानांचे मुकुट घालून लोक विहिरीत उड्या घेतात. पोलंडमध्ये २३ जूनच्या रात्री शेकोट्या पेटतात, मुली फुलांचे मुकुट नदीत सोडतात.

योहान मात्र अरण्यात राहिला. यार्देन नदीत त्याने प्रभू येशूला बाप्तिस्मा दिला आणि स्वतः मागे सरला. हेरोद राजाने भावाची बायको केली. हे पाप आहे, असे त्याने तोंडावर सांगितले. त्यापायी त्याचा शिरच्छेद झाला.

किहीमच्या खवळलेल्या समुद्रात पावसाळ्यात उडी नकोच. पण अन्याय दिसला, तर खरे बोलण्याची उडी आपण घेणार का?

आपला धर्मगुरू