नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, रत्नागिरी जिल्हा, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. रेव्हरंड टिळक या नावाने ते ओळखले जातात. त्यांच्याच काळातील लोकमान्य बाळ गंगाधर टिळक हे निराळे. मराठी कवितेच्या वाचकांना ते फुलामुलांचे कवी म्हणून परिचित आहेत, तर महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळींना ते उपासनेच्या गीतांचे कर्ते म्हणून. चर्चच्या चार भिंतींत आणि रविवारच्या तासाभरात होणारी ख्रिस्ती उपासना अभंग, भजन आणि कीर्तन यांच्या द्वारे घरात, अंगणात आणि गावच्या चावडीपर्यंत नेण्याचा प्रयत्न त्यांनी सुमारे दोन तपे केला. आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत स्थापन केलेला 'देवाचा दरबार' हे त्या प्रयत्नाचे सर्वांत धाडसी आणि सर्वांत अल्पजीवी रूप होते. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी.

बालपण व शिक्षण

टिळकांचा जन्म चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई भक्तिमार्गी होत्या आणि त्यांना काव्याची आवड होती. टिळकांच्या कवितेचा आणि भक्तीचा उगम आईकडे शोधला जातो, तो रास्तच आहे. १८७३ मध्ये आईचा मृत्यू झाल्यावर त्यांनी घर सोडले आणि ते नाशिकला गेले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र थोडेच झाले. पदवी त्यांनी कधीच मिळवली नाही. पुढील सारी विद्वत्ता स्वतःच्या वाचनाने कमावलेली होती.

१८८० मध्ये त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. त्यानंतरची पंधरा वर्षे भटकंतीची होती. शिक्षकी, पुराणकथन, कीर्तन, भाषांतर असे मिळेल ते काम करीत टिळक गावोगाव फिरले. एका ठिकाणी टिकणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि हातात आलेला पैसा ठेवणेही नव्हते. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय मिळाल्यावर त्यांना काहीशी स्थिरता लाभली. तेथे त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम केले आणि 'ऋषी' हे मासिक चालविले. देशाच्या पुनरुत्थानाला नव्या धर्माची गरज आहे, जातिभेद आणि मूर्तिपूजा यांना त्यात स्थान नसावे, या विचारापर्यंत ते याच काळात आले.

धर्मांतर

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी भेट झाली. बोलणे संस्कृत काव्यावरून धर्मावर गेले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. हा प्रवासी कोण होता, हे टिळकांना अखेरपर्यंत कळले नाही. डोंगरावरील प्रवचनाच्या अध्यायांनी त्यांच्यावर खोल परिणाम केला. पुढे काही काळ पत्रव्यवहार आणि वाचन करून १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याऐवजी एका भारतीय पाळकाच्या हस्ते घेतला. ख्रिस्ती होणे म्हणजे विलायती होणे नव्हे, ही त्यांची भूमिका पहिल्या दिवसापासूनच अशी दिसून येते.

या निर्णयाची किंमत घरातल्यांना मोजावी लागली. पूर्वकल्पना न देता घडलेल्या या घटनेने लक्ष्मीबाईंवर मोठा आघात झाला. लहान मुलासह त्या नातलगांकडे राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे राहण्यास आल्या, सोवळ्या-ओवळ्याचे नियम पाळत काही दिवस एकाच घरात वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'तील या भागाने टिळकांना थोर ठरविलेले नाही, आणि लहानही केलेले नाही. चरित्रकारांना त्यातून जो माणूस भेटतो तो उतावळा, तापट, उदार आणि व्यवहारशून्य आहे.

अहमदनगर आणि उपासनेचा प्रश्न

बाप्तिस्म्यानंतर टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या केंद्रात आले. तेथील धर्मशिक्षण देणाऱ्या पाठशाळेत त्यांनी अध्यापन केले. पुढे धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन राहुरी भागातही काम केले. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक महार आणि मांग समाजांतून आलेले, शेतमजुरी व गावकी करणारे होते. एकतारीवरचे भजन त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. मिशनच्या देवळातली उपासना मात्र बहुतांशी अमेरिकन वळणाची होती. इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. शब्द मराठी असले तरी त्यांतील आघात आणि मात्रा चालीशी जुळत नसत. ओढून-ताणून म्हटलेले गीत देवळाबाहेर कोणी गुणगुणत नसे. दळताना, मोट हाकताना किंवा रात्री ओसरीवर बसल्यावर तोंडी येईल असे ख्रिस्ती गीत फारसे नव्हते. उपासना आठवड्यातल्या एका दिवसापुरती आणि एका इमारतीपुरती उरण्याचे हे एक मोठे कारण होते.

टिळकांचे कार्य येथे सुरू होते. त्यांनी भाषांतराचा मार्ग जवळजवळ सोडून दिला आणि अभंग, ओवी, पद, साकी, दिंडी, आर्या अशा मराठी कानांना सरावलेल्या छंदांत ख्रिस्ताची भक्ती गायिली. शिक्षण नसलेल्या माणसालाही दोनदा ऐकून पाठ व्हावे, असा अभंगाचा घाट असतो. टाळ आणि मृदंग मिळाले तर उत्तम, न मिळाले तर टाळ्यांवरही तो चालतो. पुस्तक, पेटी, पाळक आणि इमारत यांवाचून होणारी उपासना या साध्या कारणामुळे शक्य झाली. 'भजनसंग्रह' आणि 'अभंगांजली' हे त्यांचे संग्रह आणि 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहातील त्यांची असंख्य गीते आजही म्हटली जातात. निरनिराळ्या पंथांच्या मराठी मंडळ्यांमध्ये प्रभुभोजनाचे विधी आणि प्रार्थनेचे पाठ वेगवेगळे असले, तरी टिळकांची गीते त्या सर्वांना समान आहेत.

छंदाबरोबर भावही बदलला. वारकरी संत विठ्ठलाला जसे माउली म्हणतात, तसे टिळक ख्रिस्ताला माउली, गुरू आणि सखा म्हणतात. आपण ख्रिस्ताच्या पायांशी तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. या भूमिकेवर दोन्ही बाजूंनी टीका होऊ शकत होती. जुन्या विचारांच्या मिशनऱ्यांना त्यात मिसळणूक दिसे, तर हिंदू समाजातील अनेकांना धर्म सोडलेल्या माणसाने संतांचे नाव घेणे रुचत नसे. टिळकांच्या दृष्टीने मात्र ही युक्ती नव्हती. आईकडून आणि संतांकडून आलेली भक्तीची भाषा हीच त्यांची एकमेव भाषा होती.

कीर्तन

ख्रिस्ती कीर्तन टिळकांनी सुरू केले, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६२ च्या सुमारास हा प्रकार रुजविला होता. धर्मांतरापूर्वीपासून कीर्तनाच्या परंपरेत मुरलेल्या टिळकांनी त्याला वाङ्मयीन उंची दिली. पूर्वरंगात एखाद्या अभंगावर निरूपण आणि उत्तररंगात आख्यान ही हरिकीर्तनाची रचना त्यांनी कायम ठेवली. येशूचे दाखले आख्यानाला सोयीचेच होते : घर सोडून गेलेला मुलगा, हरवलेले मेंढरू, वाटेवर पडलेल्या परक्याला उचलणारा शोमरोनी. श्रोता चर्चमध्ये जाणारा असलाच पाहिजे, अशी अट कीर्तनाला नसते. ते पटांगणात होते, येणारा-जाणारा थांबतो, आणि वक्ता व श्रोते मिळून गजर करतात. प्रवचनात ऐकणारा केवळ ऐकतो. कीर्तनात तोही उपासक होतो. टिळकांना हा फरक मोलाचा वाटे.

साहित्य आणि संपादन

टिळक हे आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीतील, केशवसुतांचे समकालीन कवी. 'वनवासी फूल', 'सुशीला', 'बापाचे अश्रू', 'माझी भार्या' या त्यांच्या प्रसिद्ध रचना होत. 'केवढे हे क्रौर्य' ही शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरील कविता शालेय पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांना पाठ झाली. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले आणि मुलासारखे वागविले. या कवितांमध्ये धर्मप्रचार नाही. फूल, मूल, पक्षी आणि घर हे विषय आहेत. तरीही ही कविता त्यांच्या भक्तिगीतांपासून तोडून पाहता येत नाही. ज्या कवीला रानातल्या फुलापाशी प्रार्थना सुचते, त्याला उपासनेसाठी वेगळी जागा लागत नव्हती.

अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' हे १८४२ पासून चालत आलेले नियतकालिक होते. त्याच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांनी १९१२ पासून मृत्यूपर्यंत केले. भारतीय ख्रिस्ती मंडळीने मिशनच्या पैशावर अवलंबून राहू नये, पंथभेद विसरावेत आणि देशाच्या सुखदुःखात सहभागी व्हावे, हा विचार त्यांनी तेथे सातत्याने मांडला. १९०९ मध्ये त्यांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य ओवीबद्ध करण्यास आरंभ केला. रामकथेप्रमाणे ते घरोघर वाचले जावे, हा हेतू होता. त्यांच्या हातून पहिले दहा-अकरा अध्यायच झाले. बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनी लिहिला, आणि तो पूर्ण होऊन त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे पद आणि पगार सोडला. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती तोळामासा, गाठीला काही नाही, अशा स्थितीत हा निर्णय झाला. मिशनऱ्यांशी वैर नव्हते आणि 'ज्ञानोदया'चे कामही चालू राहिले. पण परदेशी संस्थेचा पगारी नोकर जे सांगतो ते लोक नोकराचे बोलणे म्हणून ऐकतात, अशी त्यांची खात्री झाली होती. संन्यस्त वृत्तीने, मात्र कुटुंबासह, ते सातारा येथे राहू लागले आणि 'देवाचा दरबार' त्यांनी उभा केला.

हा नवा पंथ नव्हता आणि नवे चर्चही नव्हते. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा हा बंधुसमाज होता. त्यात जात, पंथ, देशी-परदेशी हे भेद नव्हते. सर्वांत वादग्रस्त गोष्ट अशी की, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक येऊ शकत. घरादारापासून तुटल्याशिवाय ख्रिस्ताकडे येता येत नाही, ही त्या काळची रीत होती, आणि तिचे चटके टिळकांच्या स्वतःच्या संसाराला बसले होते. आपल्या घरी, आपल्या माणसांत राहून ख्रिस्ताची उपासना करणाऱ्यालाही मंडळीत स्थान असावे, हे दरबाराचे मर्म होते. चर्चच्या शिस्तीत बाप्तिस्मा हा प्रवेशाचा दरवाजा असल्याने अनेक मिशनऱ्यांना आणि भारतीय पाळकांनाही हे मान्य होणे कठीण होते. त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. दरवाजाच काढून टाकला तर आत कोण आणि बाहेर कोण, आणि एकमेकांप्रति कर्तव्य कोणाचे, या प्रश्नांना दरबाराने पुरेसे उत्तर दिले नाही. नियम, निधी आणि दुसऱ्या फळीतील माणसे यांची जुळणी करण्यास टिळकांना वेळ मिळाला नाही. ते त्यांच्या स्वभावातही नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर दरबार फार काळ टिकला नाही.

मृत्यू आणि नंतर

आजारपणामुळे टिळकांना मुंबईला नेण्यात आले. तेथे ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिवाचे दफन न करता दहन करण्यात आले. त्या काळच्या ख्रिस्ती समाजात ही रूढी नव्हती. अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या.

इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. भारतीय पद्धतीच्या आश्रमजीवनाचा प्रयोग करणारा ख्रिस्त सेवा संघ त्यांनीच १९२२ मध्ये स्थापन केला होता, आणि त्यामागे टिळकांच्या विचारांची प्रेरणा होती. निकोल मॅक्निकोल यांनी टिळकांच्या काही गीतांची इंग्रजी रूपांतरे केली. त्यांपैकी काही परदेशांतील गीतसंग्रहांत गेली. एके काळी अमेरिकन गीते मराठीत आणण्याचा जो प्रवाह होता, त्याच्या उलट दिशेचा हा प्रवास होय. लक्ष्मीबाईंचे २४ फेब्रुवारी १९३६ रोजी निधन झाले. 'स्मृतिचित्रे' आणि 'ख्रिस्तायन' यांचे उरलेले काम पुत्र देवदत्त यांनी पुरे केले.