कातडी कमावणाऱ्याच्या मुलाची लस

पिसाळलेले कुत्रे चावले की आजही आमच्या काही वस्त्यांत जखमेत मिरची भरतात, चुना लावतात, मांत्रिकाकडे नेतात. शिकलेली पोरेसुद्धा आईबापाच्या शब्दापुढे गप्प बसतात. म्हणून आज आम्ही लुई पाश्चर यांची आठवण काढत आहोत.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधील दोल गावचा. वडील नेपोलियनच्या सैन्यातून परतलेले शिपाई, धंदा कातडी कमावण्याचा. तिकडे हा धंदा करणाऱ्याला गावकुसाबाहेर राहावे लागत नव्हते, हा फरक आमच्या वाचकांना वेगळा सांगायला नको. बापाने कातडी कमावली आणि पोराला शिकवले. लुई आठ वर्षांचा असताना, १८३१ साली, अर्बुआच्या परिसरात पिसाळलेला लांडगा शिरला. चावलेल्या माणसांना लोहाराकडे नेऊन जखमांवर लाल तापलेले लोखंड टेकवले जात होते. त्या किंकाळ्या मुलाने ऐकल्या. त्या काळचा उपचार तोच.

पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. आंबणे सूक्ष्मजीवांमुळे होते हे त्यांनी दाखवले, रेशीमकिड्यांचे रोग शोधले. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू गेली तरी काम थांबले नाही. १८८१ मध्ये मेंढ्यांना काळपुळीची लस टोचून भर लोकांत ती सिद्ध केली. मग ते पिसाळीच्या रोगाकडे वळले. त्याचा जंतू त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली कधीच दिसला नाही, कारण तो विषाणू होता. तरी त्यांनी आणि डॉ. एमिल रू यांनी रोगी सशांच्या पाठीच्या कण्यातील मज्जा बाटलीत सुकवली. जितके दिवस सुकवावी तितका रोगाचा जोर कमी, हे त्यांच्या लक्षात आले.

६ जुलै १८८५ रोजी अल्सासहून जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा आला. अंगावर १४ चावे होते. पाश्चर यांना टोचण्याचा अधिकार नव्हता, म्हणून सुई डॉ. ग्रांशे यांनी धरली. दहा दिवसांत १३ टोचण्या दिल्या. सुरुवात जुन्या मज्जेने, शेवट ताज्या मज्जेने, म्हणजे जवळजवळ जिवंत रोगानेच. पोरगा वाचला. पुढे तो पाश्चर संस्थेचा पहारेकरी झाला.

आम्ही पेशाने वकील. व्यक्तिपूजा आम्हाला मान्य नाही, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. पाश्चर यांच्या खासगी नोंदवह्या १९७० च्या दशकात अभ्यासकांना खुल्या झाल्या. त्या वाचून जेराल्ड गीसन यांनी १९९५ साली दाखवून दिले की ज्या पद्धतीने माइस्टरला टोचले, तिचे कुत्र्यांवरचे प्रयोग तेव्हा पूर्ण झालेलेच नव्हते. जाहीर सांगताना मात्र ते झाल्यासारखे सांगितले गेले. रू यांनाही ही घाई पटली नव्हती. शिवाय पिसाळलेले कुत्रे चावलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही, तेव्हा एका मुलाच्या जगण्याने पुरावा पूर्ण होत नाही. गरीब आईने मान हलवली, पण तिला सगळे सांगितले होते का? आजच्या कायद्यात हा प्रश्न पहिला विचारला जाईल.

पुरावा जमला तो नंतर. १ मार्च १८८६ पर्यंत ३५० जणांना लस टोचली गेली होती, त्यात मृत्यू एक. ती लुईझ पेलतिए, दहा वर्षांची. तिला आणले तेव्हा चावा होऊन ३७ दिवस उलटले होते. उपयोग होणार नाही असे वाटत असूनही पाश्चर यांनी नकार दिला नाही. अपयशाची बदनामी त्यांनी पत्करली, हे आम्हाला त्यांच्या साऱ्या मानसन्मानांपेक्षा मोठे वाटते. लोकवर्गणीतून १८८८ मध्ये पॅरिसची संस्था उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी ते गेले. तो दिवस आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात.

भारतात कसौलीला १९०० साली अशी संस्था निघाली. तिथे सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस केली. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची भीती तिचीच. ही लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली, भीती मात्र राहिली आणि तिच्यापायी लोक उशीर करतात. आता लस दंडात देतात, मोजकेच डोस असतात. चावा होताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत टोचायचे सीरमही लागते, ते मागून घ्यावे. (भांडणात माणूस चावला तरी घरी बसू नये, तोंडातल्या जंतूंनी बोट सडते.) लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा कोणीच वाचत नाही. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत आहे. संपली असे सांगितले तर तसे लेखी मागा, आणि कागदाची वाट न बघता रोग्याला घेऊन पुढच्या रुग्णालयात निघा.